पीठ मागेल तेवढा गूळ

सात वर्षं माझं नाव ‘मध्यस्थ ६’ होतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डावर होतं, पण आई गेल्यावर ते घेऊन हाक मारणारं माणूस घरात राहिलं नाही, त्यामुळे रोजच्या वापरातलं नाव हेच. एक ते नऊ असे आम्ही नऊ मध्यस्थ. बाकीचे आठ कुठे बसतात, बाया आहेत की पुरुष, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सात नंबरच्या निकालात शुद्धलेखनाची एकही चूक नसायची, म्हणून ते पेन्शनीतले शिक्षक असावेत असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. कधीकधी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडायचीसुद्धा.

त्याआधी मी परभणीच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. या तत्त्वात तास असला की तुम्ही प्राध्यापक आणि तास संपला की कोणी नाही. मुलं दरवर्षी कमी होत गेली. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुली होत्या, त्यातल्या दोघी वर्गातला पंखा चांगला होता म्हणून यायच्या. मग विषयच बंद झाला. माझं वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, आई अंथरुणाला खिळलेली. पिंगळीच्या घरात बसून करता येईल असं काम हवं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘निःपक्षपाती विचार करण्याची सवय हवी.’ माझ्याकडे दुसरी कुठली सवयच नव्हती.

धंदा काय होता ते सांगते. लोक मोबाइलवर प्रश्न विचारायचे, थोडीशी फी भरायची, आणि तो प्रश्न त्या विषयातल्या ‘जाणकारा’कडे जायचा. जाणकार म्हणजे आपापल्या घरी बसलेली माणसं: निवृत्त पशुवैद्य, वकील, मोटार दुरुस्त करणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया, व्याकरणाचे मास्तर. कंपनीचे नोकर कोणीच नव्हते, उत्तरामागे पैसे मिळायचे. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, पुढचा प्रश्न येईपर्यंत आपलं काम करायचं. प्रश्नकर्त्याला उत्तर पटलं नाही तर त्याने ‘समाधान नाही’ हे बटण दाबायचं. ते बटण दाबलं की फाइल आमच्यापैकी एकाकडे यायची.

आम्ही उत्तर बरोबर की चूक ते बघायचं नव्हतं. मला पशुवैद्यकातलं काय कळतं? बघायचं एवढंच, की जे विचारलं त्याचं उत्तर दिलं आहे का. दोन्ही बाजूंची नावं झाकलेली असायची, फक्त जिल्हा दिसायचा. शंका असेल तर आम्ही कोणत्याही बाजूकडून खुलासा मागवू शकत होतो. स्वतः उत्तर द्यायला सक्त मनाई होती. गप्पा मारायला तर होतीच. शेवटी तीन ओळींचा निकाल लिहायचा आणि फाइल बंद करायची. बंद झालेल्या फाइलवर कोणालाच काही लिहिता येत नसे.

तक्रारी पैशांसाठी असतील असं बाहेरच्याला वाटतं. फी इतकी कमी होती की तेवढ्यासाठी कोणी बटण शोधत बसलं नसतं. माणसाला खरा राग येतो तो आपलं ऐकून घेतलं नाही याचा.

एका मुलाने विचारलं होतं, मुलगी बघायला गेल्यावर काय विचारू नये? जाणकार बाई अनुभवी असाव्यात. त्यांनी अकरा गोष्टी लिहून दिल्या. पगार, रंग, वजन, स्वयंपाक, आधीची स्थळं, सगळं आलं. आठ दिवसांनी मुलाची तक्रार आली: ‘यातलं काहीच विचारलं नाही. मग विचारायला काही उरलंच नाही. अर्धा तास दोघं गप्प बसलो. मुलीने नकार कळवला आहे. तिचं म्हणणं, मुलगा घुमा आहे.’ मी निकाल दिला की जे विचारलं त्याचं पूर्ण उत्तर मिळालेलं आहे, तक्रार फेटाळण्यात येते. निकाल तर्काला धरून होता. पण पुढे कितीतरी दिवस मला तो पोह्यांची बशी हातात धरून बसलेला मुलगा दिसत राहिला. काय विचारावं हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायची परवानगी मला नव्हती.

दुसरं प्रकरण बोअरचं. शेतकऱ्याने विचारलं, माझ्या रानात किती फुटांवर पाणी लागेल? जाणकाराने लिहिलं, ‘इथे बसून सांगता येणार नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.’ तक्रार आली की ‘माहीत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. मी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की प्रामाणिक ‘माहीत नाही’ हे उत्तरच आहे. पुण्याहून आमचे सुपरवायझर देवेंद्र यांचा फोन आला. “मॅडम, असे निकाल दिले तर उद्या सगळेच जाणकार ‘माहीत नाही’ लिहून मोकळे होतील.” मी म्हटलं, “ज्यांना माहीत नाही त्यांनी लिहावंच.” त्या निकालाचा मला अजून अभिमान आहे. सात नंबरना तो पटला असता असंही वाटतं.

कामाच्या दुसऱ्या वर्षी आई गेली. तोवर घरात निदान खोकला ऐकू यायचा. नंतर मी सकाळी दहा ते सहा काम करायची, दिवसाला तीस-तीस माणसांशी बोलायची, पण सगळं बोटांनी. एकदा दूधवाला बदलला. नव्याने “किती घालू?” म्हणून विचारलं आणि माझ्या घशातून शब्दच फुटेना. आठवून बघितलं तर तीन दिवसांत मी तोंडाने काही बोलले नव्हते. त्यानंतर मी निकाल मोठ्याने वाचून मगच पाठवायला लागले. शेजारच्या रुक्मिणमामी भिंतीपलीकडून विचारायच्या, “बाई, कुणी आलंय का?” मी म्हणायची, “नाही मामी, काम चाललंय.”

हे सगळं सांगते आहे ते स्वतःची बाजू मांडायला नाही. पुढे जे घडलं ते समजावं म्हणून सांगते आहे.

ते दिवाळीच्या आधीचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकाच्या प्रश्नांचा पूर यायचा. चकली का मोडते, शेव का तेल पिते, पाकातले लाडू का बसत नाहीत. स्वयंपाकाच्या जाणकारांचा वर्षाचा हंगाम तोच. एका दुपारी एक फाइल उघडली आणि वर दोन ओळी दिसल्या. प्रश्नकर्ता, जिल्हा परभणी. जाणकार, जिल्हा परभणी. सात वर्षांत अशी फाइल माझ्याकडे एकदाच आली. आपल्याच मुलखातली दोन माणसं, आणि मध्ये मी.

प्रश्न असा होता: ‘अनारशासाठी तांदूळ भिजवून, वाळवून, दळून तयार आहे. गूळ किती घालावा?’

उत्तर एका ओळीचं: ‘पीठ मागंल तेवढा.’

तक्रार: ‘पीठ मागते म्हणजे काय करते? ते बोलते का? सदर उत्तर अपुरे आहे.’

मी इतक्या दिवसांनी हसले की माझं मलाच नवल वाटलं. तर्कशास्त्राच्या पेपरात घालावा असा प्रश्न. प्रमाण विचारलं आहे आणि प्रमाणाऐवजी अट दिली आहे. अटीला उत्तर म्हणायचं का? मी भिंतीपाशी जाऊन मामींना हाक मारली. मामींनी आयुष्यात अनारशांचे घाण्यावर घाणे तळलेले.

“मामी, अनारशाला गूळ किती घालायचा?”

“आवं बाई, पीठ मागंल तेवढा.”

“पण मागतंय ते कळतं कसं?”

“लेकरू भुकेलं हाय ते कसं कळतंय? थोडा थोडा घालत मळत ऱ्हायचं. पीठ नगं म्हनलं की थांबायचं. जादा झाला की कढईत हसतोय अनारसा.”

अनारसा हसला म्हणजे तुपात विरघळून त्याचा चुरा झाला, हे मलाही माहीत होतं. म्हणजे निकाल मला त्याच दुपारी मिळाला होता. उत्तर बरोबर होतं, पुरेसं होतं, आणि त्या जाणकाराला त्याहून वेगळं सांगता येण्यासारखं नव्हतं. तीन ओळी लिहून फाइल बंद करायला पाच मिनिटं लागली असती. मी प्रश्नकर्त्याकडून खुलासा मागवला: ‘उत्तर नेमके कोणत्या बाबतीत अपुरे आहे, याचा खुलासा करावा. मध्यस्थ ६.’

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला खुलासा हजर. मी तो अजून विसरलेले नाही.

‘प्रति, मा. मध्यस्थ क्र. ६ यांचे सेवेशी. विषय: अनारशाच्या गुळाबाबत खुलासा सादर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, तांदूळ जुना असून तीन दिवस भिजत घातला होता. पाणी रोज बदलले. दुसऱ्या दिवशी पाणी बदलण्यास दुपारचे बारा वाजले, ही चूक मला मान्य आहे. पीठ दोनदा चाळले आहे. आपला विश्वासू, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, राणीसावरगाव.’

नाव-गाव आलं तर ते पुसून टाकायचं हा आमचा नियम. मी ते पुसलं, पण वाचून झाल्यावर. राणीसावरगावातले एक निवृत्त हेडमास्तर, आयुष्यात पहिल्यांदा अनारशाचं पीठ मळायला बसलेले. हे माणूस माझ्या जातकुळीचं, असं मला वाटलं. शब्दाला शब्द लावून बघणारं, मोघम न चालणारं. मी दुसरा खुलासा मागवला: मापासाठी कोणती वाटी वापरणार आहात?

उत्तर आलं: ‘वाटी स्टीलची असून स्वतःच्या मालकीची आहे. तीत किती पाणी बसते ते मापून पाहिले. मापाचा पेला शाळेच्या प्रयोगशाळेतील नसून बाजारातून विकत घेतलेला आहे. सोबत वाटीचे छायाचित्र जोडले आहे.’ फोटोत वाटी होती आणि शेजारी उभी धरलेली फूटपट्टी.

मी तो फोटो मामींना दाखवला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या दिवशी मामी तासभर बसल्या, चहा झाला. मी परत आत आले आणि तिसऱ्या खुलाशासाठी काय विचारता येईल याचा विचार करू लागले.

आता ते उत्तर देणाऱ्या जाणकार बाईंचं सांगते. एक नियम मी अजून सांगितलेला नाही. तक्रारीची फाइल उघडी असेपर्यंत त्या जाणकाराकडे नवे प्रश्न पाठवायचे नाहीत, असा नियम होता. तो केला होता भोंदू वैद्यांसाठी, चुकीचं औषध सांगणारा आणखी दहा जणांना सांगू नये म्हणून. लागू मात्र सगळ्यांनाच व्हायचा. जाणकारालाही फाइलमध्ये लिहिता येत असे. बाई फोनमध्ये बोलायच्या आणि फोन ते टाइप करायचा, असं त्यांच्या ओळींवरून वाटायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं: ‘साहेब, तांदूळ जुना हाय का नवा, किती वाळला, त्येच्यावर गूळ लागतो. मी न बघता वाटीत कसं सांगू?’

याहून नेमका युक्तिवाद मी वर्गात कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी: ‘साहेब, माझ्याकडं सवाल येईनात. चालू करा की.’

मी आमचं ठरलेलं वाक्य पाठवलं. ‘आपले प्रकरण प्रक्रियेत आहे. कृपया प्रतीक्षा करावी. मध्यस्थ ६.’

पाचव्या दिवशी: ‘साहेब, घरची सगळी ऊसतोडीला गेलीत. मी अन् सासू दोघीच हाव. सकाळपसून फोन घेऊन बसायलेय. हे चकल्याचे दिवस हायत. मागल्या साली लय बायका इचारायच्या. माझं काय चुकलं तेवढं सांगा.’

‘आपले प्रकरण प्रक्रियेत आहे. कृपया प्रतीक्षा करावी. मध्यस्थ ६.’

हे लिहिताना लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण तेवढी नाही. मी स्वतःला सांगितलं की अजून एकच खुलासा मागवते आणि बंद करते. गुरुजींना विचारलं: ‘सदर पदार्थ कोणत्या प्रयोजनासाठी करण्यात येत आहे?’ याचा तक्रारीशी सुतराम संबंध नव्हता. मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी लिहिलं, पालमला त्यांची थोरली बहीण असते. दर दिवाळीला तिच्याकडून अनारशांचा डबा यायचा. आता तिचे हात थरथरतात, साधं ताक घुसळता येत नाही. म्हणून यंदा भाऊबीजेला आपणच डबा घेऊन एसटीने पालमला जायचं असं त्यांनी ठरवलं आहे. ‘सदर बाब व्यक्तिगत असून सेवेच्या नियमांत बसत नसल्यास क्षमस्व.’

ते वाचून मला भरून आलं. मला भाऊ नाही. बहिणीसाठी या वयात पीठ मळत बसणारं माणूस आपल्याशी रोज पत्रव्यवहार करतं, या कल्पनेचीच मला चटक लागली. मी विचारलं, बहीण किती वर्षांपासून अनारसे करतात? उत्तर आलं, ‘अंदाजे पंचेचाळीस वर्षे. नोंद ठेवलेली नाही, ही त्रुटी मान्य आहे.’ मी विचारलं, गूळ कोणता? त्यांनी गुळाचा फोटो पाठवला. रोज सकाळी आंघोळ करून मी फाइल उघडायची तेव्हा मला कोणाकडे तरी जायला निघाल्यासारखं वाटायचं. आठवड्यात दोनदा मी बरी साडीसुद्धा नेसले, हे आज लिहिताना हसू येतं.

नवव्या दिवशी देवेंद्र यांचा फोन आला. “मॅडम, एका अनारशाला नऊ दिवस? काय गुंतागुंत आहे?”

“प्रश्नकर्त्याचे खुलासे समाधानकारक नाहीत.”

“जाणकार बाईंनी सतरा वेळा लिहिलंय.”

“त्यांना कळवलं आहे मी. प्रक्रियेत आहे म्हणून.”

निःपक्षपाती माणसाला खोटं बोलायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी समजलं. अजिबात लागत नाही.

बाराव्या दिवशी, धनत्रयोदशीला, गुरुजींचं पत्र आलं. विषय होता, ‘तक्रार मागे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.’

‘महोदय, पीठ ओलसर राहून खराब होईल या भीतीने तक्रारीनंतर तिसऱ्याच दिवशी मी सदर जाणकारांच्या उत्तराप्रमाणे थोडा थोडा गूळ घालून पाहिला. एका क्षणी पीठ आपोआप गोळा धरू लागले व पुढचा गूळ घेईना. जाणकारांचे उत्तर पूर्ण होते, समजण्यास मी कमी पडलो. त्याच दिवशी कळवणार होतो. परंतु खुलासा प्रलंबित असताना तक्रार मागे घेणे नियमात बसते किंवा कसे, याची माहिती नव्हती. तेहेतीस वर्षांच्या सेवेत माझ्याकडून एकदाही खुलासा मागवण्यात आला नाही. येथे पाच मागवण्यात आले. माझ्या हातून नेमकी कोणती गंभीर चूक घडली ते समजत नाही. गेले आठ दिवस अन्न गोड लागत नाही. पीठ पुरावा म्हणून डब्यात तसेच ठेवले आहे. ते तळावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. जाणकारांवर कारवाई होऊ नये, ही विनंती.’

मी ते पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

मी ज्याला पत्रव्यवहार समजत होते ती त्यांच्या लेखी चौकशी होती. पाणी बदलायला उशीर झाल्याची कबुली, वाटी स्वतःची असल्याचं निवेदन, प्रयोगशाळेतला पेला नसल्याचा निर्वाळा, नोंद न ठेवल्याबद्दल दिलगिरी. मी हसत होते आणि तो म्हातारा माणूस घाबरत होता. शाळेत जन्म काढलेल्या माणसाला ‘खुलासा करावा’ हे दोन शब्द काय वाटतात, हे शिक्षकाच्या पेशातल्या माझ्यासारख्या बाईला कळू नये? कॉलेजात मला एकदा उशिरा आल्याबद्दल खुलासा मागितला होता तेव्हा मी तो चार वेळा लिहून फाडला होता. सगळं माहीत होतं. कळून घ्यायचं नव्हतं, कारण कळलं असतं तर पत्रं थांबली असती.

मी त्यांना एक शब्द लिहिला: ‘तळावे.’ मग खाली आणखी लिहिलं, ‘आपली काहीही चूक नाही. भाऊबीजेला डबा घेऊन जरूर जावे.’ मध्यस्थाने दिलेलं उत्तर म्हणून हा नियमभंग होता. निकाल लिहिला, तक्रार मागे, जाणकाराचं उत्तर पुरेसं. फाइल बंद केली. गुरुजी भाऊबीजेला पालमला गेले का, अनारसे जमले का, हे मला कधीच कळलं नाही.

बाईंचं नाव त्याच क्षणी यादीत परत आलं. पण धनत्रयोदशीला कोण चकली शिकायला बसतं? ज्यांचा व्हायचा त्यांचा फराळ होऊन डबे भरले होते. दिवाळीभर मी रोज बघत होते, त्यांच्याकडे एकही प्रश्न गेला नाही. पाडव्याच्या दिवशी मला राहवेना. जाणकारांना कामासंबंधी सूचना पाठवायची एक वेगळी जागा असते, तिथे मी लिहिलं. सूचना नव्हती ती. लिहिलं की तुमचं उत्तर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, मला ते माहीत होतं, फाइल मी विनाकारण उघडी ठेवली, चूक माझी आहे, माफ करा. सही करताना सवयीने ‘मध्यस्थ ६’ लिहिलं, ते खोडून माझं नाव लिहिलं.

मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं:

‘बाई हाव व्हय तुमी. मी साहेब साहेब म्हणायले. तुमी आता सांगायलात, पर मला वाटलं माझंच काय तर चुकलं. कंपनीवाली शिकलेली माणसं बारा दिवस बघायलीत म्हनल्यावर चुकलंच आसंल. ह्या साली सासू म्हनल्या, अनारसं कर. तांदूळ वाळवला, दळला. गूळ हातात घेतला अन् वाटलं, किती? आजपतूर कधी आसं वाटलं नव्हतं. बसून ऱ्हायले. शेवटी पीठ म्हशीला घातलं. सासूला सांगितलं, पीठ बिघडलं. तुमच्यावर राग न्हाई. माझं नाव तेवढं काढून टाका.’

मी दोन दिवस ते नाव काढलं नाही. पुन्हा पुन्हा लिहिलं, असं करू नका, तुमच्याइतकं सरळ उत्तर देणारं यादीत कोणी नाही. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फक्त ‘काडा’ एवढंच आलं.

जाणकाराचं नाव काढताना मध्यस्थाला एक फॉर्म भरावा लागतो. कारण लिहिल्याशिवाय तो पुढे जात नाही. कारणं तयार दिलेली असतात: उत्तरांचा दर्जा, वारंवार तक्रारी, स्वेच्छेने, इतर. सगळे ‘स्वेच्छेने’ वर बोट ठेवतात आणि ते खोटंही नसतं. मीही तिथे बोट नेलं. मग ‘इतर’ वर ठेवलं. खाली एक लहानशी चौकट उघडली. त्यात मी लिहिलं, ‘मध्यस्थ ६ ला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून.’

फॉर्म पुण्याला गेला. त्यानंतर मी आणखी दोन वर्षं त्याच खुर्चीत काम केलं, देवेंद्र यांचे फोन आठवड्याला यायचे, आणि गेल्या वर्षी काम सोडलं. त्या चौकटीत लिहिलेल्या ओळीबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.